मऊ लुसलुशीत डिनर रोल, पहिल्यांदाच यीस्ट हातात घेणाऱ्यांसाठी

यीस्टचं काहीही करायचं म्हटलं की बऱ्याच जणांना उगाचच धास्ती वाटते, पण खरं सांगायचं तर यात अवघड असं फार काही नाहीये, फक्त दोन गोष्टी पक्क्या डोक्यात ठेवायच्या. एक म्हणजे पीठ हाताला चिकटतंय म्हणून वरून कोरडा मैदा घालत सुटायचं नाही. आणि दुसरं म्हणजे घड्याळाकडे नाही तर पिठाकडे बघायचं. रोल दडदडीत झाले, दुसऱ्या दिवशी वातड झाले, फुगलेच नाहीत अशा ज्या तक्रारी असतात ना, त्यातल्या बहुतेक या दोनपैकी एका कारणाने झालेल्या असतात.

साहित्य 15 रोल होतील एवढं देतेय. मैदा 500 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट 7 ग्रॅम म्हणजे साधारण सव्वादोन छोटे चमचे, साखर 50 ग्रॅम, मीठ 9 ग्रॅम म्हणजे दीड छोटा चमचा, कोमट दूध 280 मिली, एक अंडं, आणि बटर 60 ग्रॅम, मऊ झालेलं पण वितळलेलं नको. शिवाय वरून लावायला थोडं दूध आणि थोडं बटर वेगळं काढून ठेवा. अंडं चालत नसेल तर काही बिघडत नाही, त्याच्याऐवजी 40-45 मिली दूध जास्त घ्या, रोल छानच होतात, फक्त रंग आतून जरा पांढरा येतो. आणि प्लीज, शक्य असेल तर वजनकाट्यावर मोजा. कपाने मैदा घेतला तर हलक्या हाताने भरलेला कप 120 ग्रॅमचा भरतो आणि दाबून भरलेला 150 पर्यंत जातो, म्हणजे चार कपांमागे शंभर-सव्वाशे ग्रॅमचा फरक पडला, मग रोल कडक झाले तर यीस्टला बोल लावून काय उपयोग.

आता यीस्टबद्दल थोडं नीट सांगते कारण पहिल्यांदा करणाऱ्याची खरी भीती तिथेच असते. यीस्ट जिवंत असतं, साखर खातं आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि थोडं अल्कोहोल तयार करतं, तो गॅस पिठात अडकतो आणि पीठ फुगतं, एवढंच. इन्स्टंट यीस्ट बारीक दाण्यांचं असतं, ते डायरेक्ट मैद्यात मिसळलं तरी चालतं. अॅक्टिव्ह ड्राय यीस्ट जरा जाड दाण्यांचं असतं, ते आधी कोमट दुधात चमचाभर साखर घालून दहा मिनिटं ठेवायचं, वर फेस आला की वापरायचं. पाकीट उघडून बरेच महिने झाले असतील तर इन्स्टंटचीही अशी टेस्ट करून घ्या, फेस आला नाही तर ते यीस्ट गेलेलं आहे, त्यात अर्धा किलो मैदा वाया घालवू नका. दूध 35 ते 40 डिग्री पाहिजे, थर्मामीटर नसेल तर बोट बुडवून बघा, गरम असं जाणवायलाच नको, अंगाइतपतच कोमट हवं. 55-60 डिग्रीला यीस्ट मरतं, त्यामुळे शंका असेल तेव्हा थोडं गारच घ्या, गार दुधाने फक्त वेळ जास्त लागतो, गरम दुधाने सगळंच बसतं. दूध एकदा उकळून मग कोमट केलेलं घ्या, न उकळलेल्या दुधातली काही प्रोटीन्स पिठाचा ताण सैल करतात, उकळल्यावर ती अडचण राहत नाही.

एका मोठ्या भांड्यात मैदा, यीस्ट आणि साखर एकत्र करा, मीठ मैद्यात नीट मिसळून घ्या म्हणजे यीस्टवर त्याचा ढीग बसत नाही, मग दूध आणि फेटलेलं अंडं घालून चमच्याने नाहीतर हाताने नुसतं एकत्र करा. बटर आत्ता नाही. कोरडा मैदा कुठे दिसेनासा झाला की थांबा आणि झाकून 20-25 मिनिटं तसंच सोडून द्या. ही पायरी बरेच जण गाळतात आणि इथेच अर्धं काम फुकटात होत असतं, मैदा दूध पिऊन घेतो आणि न मळताच त्यात ग्लूटेन, म्हणजे मैद्यातल्या प्रोटीनची लवचिक जाळी, तयार व्हायला लागतं, म्हणजे नंतर तुमचे हात कमी दुखतात. बटर नंतर घालायचं कारण पण हेच, स्निग्ध पदार्थ आधीच गेला तर तो मैद्याच्या कणांवर बसतो आणि ग्लूटेन जुळून यायला वेळ लागतो.

आता मळणं. पीठ ओट्यावर काढा, ओट्यावर मैदा भुरभुरवायचा नाही, काहीच टाकायचं नाही. पहिली तीन-चार मिनिटं सगळा पसारा वाटेल, पीठ ओट्याला चिकटेल, बोटांना चिकटेल, मनगटापर्यंत येईल, आणि त्याच वेळी मैद्याच्या डब्याकडे हात जायला लागेल, तो आवरायचा. तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने पीठ पुढे ढकला, घडी घालून परत जवळ आणा, पाव फेरी फिरवा, परत ढकला. ओट्याला चिकटलेलं एखाद्या पसरट उलथन्याने खरवडून गोळ्यात परत घालत राहा. सहा-सात मिनिटांनी लक्षात येईल की पीठ ओट्याला धरण्यापेक्षा स्वतःलाच जास्त धरायला लागलंय, ओढलं की तुटत नाही, ताणलं जातं. आता बटर तीन-चार भागात घालायचं. पहिला भाग घातला की पीठ निसटायला लागेल, फाटल्यासारखं होईल, सगळं बिघडलं असं वाटेल, पण मळत राहा, दोनेक मिनिटात ते बटर पूर्ण आत जातं आणि पीठ परत जुळून येतं, मग पुढचा भाग. हाताने मळायला एकूण 15 मिनिटं तरी लागतात, मशीन असेल तर कमी स्पीडवर 8-10 मिनिटं. अगदीच सहन होत नसेल तर हाताला दोन थेंब तेल लावा, पण मैदा नाही.

झालं की नाही हे कसं ओळखायचं तर लिंबाएवढा गोळा घ्या, चारी बाजूंनी हळूहळू बोटांनी ताणत पातळ करा, उजेडासमोर धरा. पापुद्रा न फाटता आरपार उजेड दिसला तर झालं. फाटला आणि भोकाची कड खडबडीत असेल तर अजून तीन-चार मिनिटं मळा. तयार पीठ कानाच्या पाळीसारखं मऊ लागतं, बोट लावलं की किंचित चिकटतं पण बोटाला लागून येत नाही. उलट पीठ सुरुवातीपासूनच घट्ट असेल, मळताना जोर लावावा लागत असेल, तर चमचा-चमचा दूध घाला, कारण प्रत्येक ब्रँडचा मैदा सारखं पाणी पीत नाही आणि 280 मिली हा आकडा म्हणजे काही काळ्या दगडावरची रेघ नाही.

भांड्याला तेलाचा हात लावून गोळा ठेवा, झाका, फुगू द्या. 26-28 डिग्रीच्या आसपास हवा असेल तर एक ते दीड तासात दुप्पट होतं, थंडी असेल तर दोन-अडीच तास पण लागू शकतात आणि त्यात काहीही चुकलेलं नसतं. घाई असेल तर बंद ओव्हनमध्ये, ओव्हन चालू न करता, शेजारी उकळत्या पाण्याचं भांडं ठेवून त्यात पीठ ठेवा. फार ऊबेत मात्र ठेवू नका, लवकर फुगतं खरं पण चवीला आंबूस आणि यीस्टचा उग्र वास येतो. उभ्या, सरळ बाजूंच्या भांड्यात पीठ ठेवलंत तर बाहेरून पेनने खूण करता येते, दुप्पट झालं की नाही याचा अंदाज घ्यायला ते सगळ्यात सोपं. आणि बोट पिठात बुडवून टेस्ट करा, खड्डा तसाच राहिला किंवा अगदी हळू भरला तर झालंय, लगेच उसळून वर आला तर अजून थांबा. संध्याकाळी मळून रात्रभर फ्रीजमध्ये झाकून ठेवलं तरी चालतं, चव तर जास्तच चांगली येते, फक्त सकाळी उंडे वळल्यावर दुसऱ्यांदा फुगायला जास्त वेळ द्यावा लागतो कारण पीठ गार असतं.

फुगलेलं पीठ हलक्या हाताने दाबून गॅस काढा आणि पूर्ण गोळ्याचं वजन करून 15 समान भाग करा, साधारण 62-63 ग्रॅमचा एक येतो. समान कशासाठी तर लहान-मोठे असले की लहान सुकतात तोवर मोठे आतून कच्चेच असतात. कापलेले भाग ओलसर फडक्याखाली ठेवा नाहीतर वर पापुद्रा धरतो. उंडा वळणं ही सगळ्यात मजेची पायरी आहे आणि इथे पण ओटा कोराच हवा. एक भाग घ्या, कडा उचलून मध्यावर आणून चिमटा, पोटलीसारखा आकार होईल, मग चिमटलेली बाजू खाली करा, तळहाताची खोलगट वाटी करून ती गोळ्यावर उपडी ठेवा आणि बोटं ओट्याला टेकलेली ठेवून छोटे गोल फिरवा. खालची बाजू ओट्याला किंचित चिकटते, त्यामुळे वरची त्वचा खाली ओढली जाते आणि दहा-पंधरा फेऱ्यांत गोळा गुळगुळीत, ताणलेला होतो. ओट्यावर मैदा असेल तर गोळा नुसता घसरतो आणि ताण येतच नाही. हा ताण महत्त्वाचा का, तर तो नसेल तर रोल वर फुगायच्या ऐवजी पसरतो.

9 बाय 13 इंचाचा ट्रे बटर लावून घ्या, तीनाच्या पाच ओळी लावा, मधे बोटभर जागा सोडा. फुगताना ते एकमेकांना चिकटायलाच हवेत, चिकटलेल्या बाजूंना कडक साल येत नाही म्हणून हे रोल इतके मऊ राहतात. झाकून 40 मिनिटं ते तासभर ठेवा. इथे जास्त लक्ष द्या, दुसरं फुगणं चुकलं की सुधारायला काही वाव नसतो. बोटाने हळूच दाबा, खड्डा सावकाश अर्धा भरला तर ओव्हनमध्ये जायला तयार. खड्डा तसाच राहिला आणि रोल थुलथुलीत दिसत असेल तर वेळ उलटून चाललीये, ताबडतोब भाजा. त्यासाठी ओव्हन आधीच गरम असायला हवा, तेव्हा रोल फुगत आलेत असं वाटायला लागलं की लगेच 180 डिग्रीला लावून ठेवा, 15 मिनिटं तरी.

वरून हलकेच दूध लावा, ब्रश दाबू नका. मधल्या कप्प्यात 180 डिग्रीला 20 ते 24 मिनिटं. छोट्या ओटीजीत वरचा रॉड जवळ असतो त्यामुळे वरून लवकर लाल होतं, तसं झालं तर फॉइल सैल टाकून पुढे भाजा, पण बाहेर काढू नका. झाल्याची खात्री करायला मधले दोन रोल थोडे वेगळे करून बाजूला बघा, ओलसर चकचकीत दिसलं तर अजून तीन-चार मिनिटं, कोरडं आणि तंतू सुटलेले दिसले तर झालं. थर्मामीटर असेल तर आत 90 डिग्रीच्या आसपास पाहिजे. जास्त भाजणं हा मऊपणाचा दुसरा मोठा शत्रू, म्हणून 20 व्या मिनिटाला ओव्हनसमोर असा.

बाहेर काढल्या काढल्या बटर लावा आणि स्वच्छ सुती फडक्याने झाका, आतली वाफ सालीत मुरते आणि वरचा भाग मऊ पडतो. दहा मिनिटांनी ट्रेमधून जाळीवर काढा, तसेच ठेवले तर बुडाला ओल धरते.

एकदा हे जमलं की पुढच्या वेळी हे करून बघा, यातलाच 25 ग्रॅम मैदा आणि 125 मिली दूध गॅसवर मंद आचेवर ढवळत शिजवा, चमचा फिरवल्यावर भांड्याच्या तळाला रेघ राहायला लागली की उतरवा, तेव्हा ते साधारण 65 डिग्री असतं. गार करून बाकीच्या दुधाबरोबर पिठात घाला आणि वर दोन चमचे दूध जास्त. शिजलेला स्टार्च पाणी धरून ठेवतो म्हणून रोल तिसऱ्या दिवशी पण मऊ असतात, फरक अगदी खाताना कळतो. गव्हाचं पीठ घालायचं असेल तर सव्वाशे ग्रॅमपर्यंत मैद्याऐवजी घाला आणि दूध थोडं वाढवा, त्याच्यापुढे गेलात की रोल जड होतात.

पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, गरम भरले तर बुरशी लवकर येते. बाहेर दोन दिवस छान राहतात. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका, त्या तापमानाला ब्रेडमधला स्टार्च बाहेर ठेवल्यापेक्षा लवकर कडक होतो. जास्त दिवस ठेवायचे तर त्याच दिवशी नीट पॅक करून फ्रीझरमध्ये टाका, महिनाभर राहतात, आणि खायच्या वेळी बाहेर काढून फॉइलमध्ये गुंडाळून 150 डिग्रीला दहा-बारा मिनिटं गरम करा.