मालवणात बसून ऑनलाइन फोटोग्राफी शिकताना

ऑनलाइन फोटोग्राफी वर्कशॉपची जाहिरात दिसली की फी आणि शिक्षकाच्या पारितोषिकांची यादी नंतर वाचा. आधी विचारा, माझे फोटो कोण बघणार आणि त्यावर किती बोलणार? ॲपर्चर (लेन्सचं छिद्र), शटर (उजेड किती वेळ आत येतो), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) हे सगळं यूट्यूबवर फुकट आणि बरंच चांगलं समजावलेलं सापडतं. पैसे मोजायचे ते कुणीतरी आपल्या फोटोत काय फसलंय ते सांगावं म्हणून. शंभर-दीडशे जण एका झूम कॉलवर असले की आपल्या फोटोच्या वाट्याला अर्धा मिनिटही येत नाही. कोर्सेरासारख्या ठिकाणी असाइनमेंट बहुतेक वेळा सहाध्यायीच तपासतात, आणि 'नाइस कलर्स'च्या पुढे फारसं काही हाती लागत नाही. लहान बॅच, दर आठवड्याला एक असाइनमेंट आणि प्रत्येक फोटोवर लेखी शेरा, असं वर्कशॉप मला सगळ्यात मानवलं. लेखी शेऱ्याचा आग्रह अशासाठी की व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर केलेला फोटो कॉम्प्रेस होऊन पोचतो. त्यावरून रंग आणि शार्पनेसबद्दल बोलण्यात फारसा अर्थ नसतो. शिक्षकाने मूळ फाइल उघडून बघायला हवी.

दुसरा प्रश्न रेकॉर्डिंगचा. आमच्याकडे जूनमध्ये एक झाड तारेवर पडलं की लाइट आणि नेट एकदमच जातं, आणि लाइव्ह सेशन नेमकं तेव्हाच असतं. रेकॉर्डिंग किती दिवस बघता येतं आणि डाउनलोड करता येतं का, हे फी भरण्याआधी विचारून घ्या.

आता मुख्य गोष्ट. कॅमेरा कसा चालतो ते शिक्षक शिकवतो, पण त्याने दिलेले आकडे त्याच्या गावचे असतात. ते आपल्या किनाऱ्यावर आणताना थोडे वाकवावे लागतात.

दशावताराचंच घ्या. अमेरिकेतला शिक्षक सांगतो की कृत्रिम उजेडात शटर 1/60 किंवा 1/125 सेकंद ठेवा. त्याचं बरोबरच आहे, कारण तिकडची वीज 60 हर्ट्झची. आपली 50 हर्ट्झची, त्यामुळे रंगमंचावरच्या ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. 1/250 वर गेलात की राजाच्या मुकुटावर आडवे काळपट पट्टे उमटू शकतात. आपल्याकडे 1/50 किंवा 1/100 वर राहा. आयएसओ 3200 पर्यंत बिनधास्त न्या, आणि 50 एमएमची एफ/1.8 (मोठ्या छिद्राची, कमी उजेडात चालणारी) लेन्स मिळाली तर फारच उत्तम. ही लेन्स जुन्या बाजारातसुद्धा डोळे झाकून घ्यावी, फक्त काचेत बुरशी नाही ना ते उजेडासमोर धरून बघायचं. 1/100 वर युद्धाच्या नाचात हात हललेले येतात, मान्य. पण त्या नाचातसुद्धा तलवार वर गेली की नट क्षणभर थांबतो. तो क्षण ओळखायला जत्रांतून रात्री जागवाव्या लागतात, त्याचं वर्कशॉप नाही.

'गोल्डन अवर'चंही तेच. युरोपातला माणूस संध्याकाळचा मऊ उजेड ऐसपैस मिळतो असं गृहीत धरून वेळापत्रक आखतो. आपण साधारण 16 ते 18 अंश उत्तरेला. इथे सूर्य तिरका रेंगाळत नाही, जवळजवळ सरळ समुद्रात उतरतो, आणि तो बुडाल्यावर कामाचा संधिप्रकाश वीस-बावीस मिनिटांचा. ट्रायपॉड उभा करणं, फिल्टर लावणं हे सूर्य असतानाच उरकून घ्या. शिवाय आपला सूर्य समुद्राच्या बाजूला मावळतो, म्हणून संध्याकाळी किनाऱ्यावरून होडी टिपली की तिची काळी आकृतीच मिळते. होडीचे रंग, नाव, माणसांचे चेहरे हवे असतील तर सकाळी जा. ऊन तेव्हा माडांच्या मागून, आपल्या पाठीवरून होडीवर पडतं. सनसेटचे हजारो फोटो इंटरनेटवर पडलेत, त्यात आपली भर कशाला?

तारकर्लीची वाळू आणि लाटांचा फेस फोटोत मळकट करडा का येतो, हा नवशिक्यांचा नेहमीचा प्रश्न. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं आहे असं धरून चालतो. पांढरं जास्त असेल तर तो उजेड कमी करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) अधिक 2/3 किंवा अधिक 1 वर न्या आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला आपटत नाही ना, ते बघा. ओल्या काळ्या कातळावर नेमकं उलट, तिथे उणे करा.

आणि भरती-ओहोटी. हे कुठल्याच वर्कशॉपमध्ये मला कुणी शिकवलं नाही, घरी मात्र सगळ्यांना येत होतं. पक्षातल्या तिथीला पाऊणने गुणा, ढोबळमानाने पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पाणी भरलेलं. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराच्या आसपास आणि ओहोटी सहा तासांनी, म्हणजे संध्याकाळी. उधाणाचे दिवस असल्याने पाणी लांबवर मागे हटतं, आणि ओल्या वाळूत आकाशाचं प्रतिबिंब हवं असेल तर हीच संध्याकाळ धरायची. कातळावर आपटणारी लाट हवी असेल तर अष्टमीच्या आसपास जा. पावसाळ्यात मात्र कातळाच्या कडेला जाऊच नका. शेवाळावर पाय ठरत नाही, आणि मोठी लाट सांगून येत नाही.

असाइनमेंटचे विषय शहरी असतात. 'लीडिंग लाइन्स' (नजर ओढून नेणाऱ्या रेषा) म्हणून रेल्वेरूळ आणि मेट्रोचे जिने दाखवतात. मी रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर टिपला, एका टोकाला समुद्र आणि दुसऱ्या टोकाला ओढणारी रांग. 'पॅनिंग' (चालत्या वस्तूबरोबर कॅमेरा फिरवणं) शिकवताना धावत्या मोटारी सांगतात. 1/30 वर आमच्या वळणावरची लाल एसटी त्याहून सोपी जाते, कारण तिचा वेग जेमतेमच. 'पॅटर्न'साठी पोफळीच्या बागा आहेत, वाळत घातलेली सुंगटं (कोळंबी) आहेत, चिरेखाणीतल्या जांभ्याच्या कापलेल्या भिंती आहेत. पावसाळी मासेमारीबंदीत किनाऱ्यावर ओढून झापांनी झाकलेल्या होड्या तर मॉडेलसारख्या स्वस्थ उभ्या असतात. ढगाळ उजेडात सावल्यांची भानगड नाही, त्यामुळे शिकायला पावसाळा मला उन्हाळ्यापेक्षा बरा वाटतो. पोलरायझर फिल्टर त्या दिवसांत जरूर लावा. ओल्या पानांवरची चकाकी गेली की खरा हिरवा दिसतो. उजेड एक-दोन स्टॉप खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), तेवढं सोसायचं.

माणसांचे फोटो काढताना आधी बोला. मासळीबाजारात कॅमेरा थेट तोंडावर रोखणारे पर्यटक पुष्कळ येतात आणि बायका वैतागलेल्या असतात. मी पहिल्यांदा मासेच घेते. नंतर काढलेल्या फोटोंचे प्रिंट नेऊन देते. आता एक काकी स्वतःच हाक मारतात, "काय गो, परत इलंस? आमचो फोटो खंय हा?"

कॅमेऱ्याची निगा हा विषय पुण्या-मुंबईचे शिक्षक दोन मिनिटांत गुंडाळतात, कोकणात तो अर्धा अभ्यासक्रम आहे. इथल्या दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते, आणि ती काढायचा खर्च पुष्कळदा लेन्सच्या किमतीशी स्पर्धा करतो. कॅमेरा त्याच्या बॅगेत आणि बॅग कपाटात, असं पावसाळाभर ठेवू नका. हवाबंद झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेल आणि एक स्वस्त आर्द्रतामापक टाका. काटा 40 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. निळं जेल गुलाबी झालं की मंद आचेवर तापवून परत निळं करायचं. त्यासाठी जुनी कढई वेगळी ठेवा, स्वयंपाकाची नको. तांदळात कॅमेरा ठेवायचा सल्ला ऐकू नका, त्याची भुकटी सगळीकडे शिरते. किनाऱ्यावरून आलात की बॉडी किंचित ओल्या फडक्याने टिपा, कारण कोरडं पुसलं तर मीठ ओरखडे पाडतं. लेन्स किनाऱ्यावर बदलू नका. एसी खोलीतून बाहेर पडताना कॅमेरा बंद पिशवीत ठेवून हवेशी जुळू द्या, नाहीतर काचेवर धुकं धरतं.

फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, 14 बिटच्या रॉमध्ये 16,384. ढगांतला हरवलेला तपशील परत आणायचा तर ही शिल्लक लागते. सॉफ्टवेअरसाठी लगेच पैसे भरू नका, डार्कटेबल फुकट आहे आणि ताकदीचं आहे, फक्त सुरुवातीला डोकं खातं. वर्कशॉपला पाठवायची फाइल एसआरजीबीमध्ये (बहुतेक स्क्रीनवर चालणाऱ्या रंगपद्धतीत) काढा, नाहीतर शिक्षकाच्या स्क्रीनवर रंग फिके दिसू शकतात आणि तुम्हाला शेरा त्यावरच मिळतो.

यातून पैसे मिळतात का, हे सगळेच विचारतात. लग्नं आधीपासून स्टुडिओवाल्यांकडे आहेत, त्या गर्दीत नव्याने शिरणं कठीण. माझी पहिली कामं होमस्टेची होती: खोल्या, पडवी, माशाचं ताट. ऑक्टोबरात पाऊस सरला की मालक साफसफाई आणि रंगकाम काढतात, दिवाळीच्या पर्यटकांआधी त्यांना फोटो हवे असतात. सप्टेंबरातच भेटून ठेवा. किती फोटो, ते कुठे वापरणार, पैसे कधी, एवढं तरी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. तोंडी ठरलेला 'चार फोटो'चा आकडा दुपारपर्यंत चाळीसवर जातो. मालक सगळ्या रॉ फाइल्स मागतील, त्या देऊ नका, निवडून सुधारलेले जेपेगच द्या. आणि ते व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ॲप ते दाबून बारीक करतं आणि बुकिंगच्या साइटवर तुमचं काम पुसट दिसतं.