जायकवाडीचा आकडा वाचून रब्बीचा पेरा कसा ठरवावा

सप्टेंबर सरत आला की आमच्या पारावर एकच विचारणा असते, नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, किती भरला? कुणी सत्तर सांगतं, कुणी साठ, आणि दोघांच्याही हातात त्याच दिवसाचा पेपर असतो. त्या आकड्यावर लोक गव्हाचं बियाणं आणून मोकळे होतात. मी परभणीकडच्या मानवत तालुक्यातली, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या शेवटच्या पट्ट्यातली. सात एकर काळं रान आणि जानेवारीतच तळ दाखवणारी एक विहीर. हे गेल्यापासून बारा वर्षं पेऱ्याचा निर्णय मीच घेते. मामंजी धरणाचा आकडा रोज वहीत उतरवायचे, तीच सवय मी पुढे चालवली. ती वही कशी ठेवायची आणि तिच्यावरून काय ठरवायचं, ते इथं सांगते.

वहीच्या पहिल्या पानावर तीन आकडे कायमचे लिहून ठेवा. धरणाचा एकूण साठा २९०९ दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. त्यातला मृत साठा ७३८ दलघमी. उरलेला २१७१ दलघमी हा उपयुक्त साठा, म्हणजे साधारण ७७ टीएमसी (अब्ज घनफूट). मृत साठा कालव्याच्या तोंडाखाली असतो, तो आपोआप कालव्यात येत नाही. पेपरातला टक्का बहुतेक वेळा उपयुक्त साठ्याचा असतो, पण शेजारच्याच रकान्यात दलघमीत एकूण साठा छापलेला असतो. गफलत होते ती इथंच.

माझी झाली होती. पहिल्याच वर्षी मी २०४१ दलघमी हा आकडा पाहिला, त्याला २९०९ नं भागलं आणि सत्तर टक्के धरण आहे असं धरून चालले. खरा हिशेब असा होता: २०४१ मधून ७३८ वजा केले की १३०३ उरतात, आणि २१७१ मधले १३०३ म्हणजे साठ टक्के. त्या सत्तरच्या भरवशावर मी तीन एकर गहू पेरला. कालव्याच्या पाण्याची शेवटची पाळी आलीच नाही. ओंबी भरायच्या वेळेला रान भेगाळलं आणि तीन एकरांत मिळून सात पोती झाली. तेव्हापासून आधी वजाबाकी, मग टक्का.

धरण शून्य टक्क्यावर आलं म्हणजे कोरडं पडलं असं नाही. ७३८ दलघमी तेव्हाही असतंच, आणि संभाजीनगर, जालन्याची तहान त्यावर भागते. दुष्काळात त्या मृत साठ्यालाही हात लागतो. तेव्हा पेपरात टक्क्यापुढं वजाची खूण दिसते. ती दिसली की कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भुईमुगाचा विचार मनातून काढून टाका.

पाणीपातळी फुटांत येते. पूर्ण भरलं की १५२२ फूट. यातही एक मेख आहे. नाथसागर हंड्यासारखा नाही, परातीसारखा आहे. खोली कमी आणि पसारा अफाट, भरल्यावर सुमारे ३५० चौरस किलोमीटर. त्यामुळं वरचा एक फूट आणि तळचा एक फूट सारखे नसतात. भरलेल्या धरणात एक फूट चढलं तर शंभरावर दलघमी वाढतं, खाली पाणी आटलेलं असताना त्याच एका फुटाला त्याहून कितीतरी कमी. म्हणून फुटावरून अंदाज बांधू नका, दलघमी बघा.

परात असल्यानं ऊनही जास्त खाते. समजा एप्रिलात पसारा २०० चौरस किलोमीटर उरला आणि दिवसाला एक सेंटीमीटर पाणी उडालं, तर रोजचं दोन दलघमी गेलं. कुणी चोरलं नाही, कुणी वापरलं नाही, तरी महिन्याला साठ दलघमी कमी. उन्हाळी पाळ्यांची आशा धरताना हे आधी वजा करायचं.

तारखेत सगळ्यांत महत्त्वाची १५ ऑक्टोबर. त्या दिवशीचा आकडा मी लाल शाईनं लिहिते. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाप्रमाणं तोवर जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर नाशिक आणि नगरकडच्या धरणांतून खाली पाणी सोडायचा हिशेब लागू होतो. ६५ टक्के म्हणजे १४११ दलघमी. दरवर्षी यावरून वाद होतो, मन दुखतं. वरच्या शेतकऱ्याचंही रान तहानलेलंच असतं, मला त्याच्याबद्दल राग नाही. पण गोदावरी एक आहे, आणि आमच्यासाठी धरण बांधताना शंभरावर गावं पाण्याखाली गेली. त्या लोकांनी घरं सोडली ती धरण रिकामं राहावं म्हणून नाही. तुम्ही मात्र एवढं करा: वरून येणारं पाणी पेऱ्यात धरू नका. नदीच्या कोरड्या पात्रातून येताना ते मुरतं. नाथसागराच्या आकड्यात दिसेल तेव्हाच ते आपलं.

आता कालव्याकडे. सगळं उपयुक्त पाणी शेतीला नसतं. पिण्याचं आणि कारखान्यांचं आरक्षण आधी निघतं. मग उजवा कालवा आहे, त्यातून पाणी बीडकडं माजलगावला जातं. उरलेल्यातून आपला २०८ किलोमीटरचा डावा कालवा. कालवा सल्लागार समितीची बैठक झाली की किती आवर्तनं, म्हणजे पाण्याच्या पाळ्या, देणार ते जाहीर होतं. पेऱ्याचा खरा आकडा तोच. टक्का ऐंशी असो की साठ, रब्बीच्या पाळ्या किती आणि कोणत्या तारखेला, एवढं पाटकऱ्याला (कालव्याचं पाणी सोडणाऱ्याला) किंवा पाटबंधाऱ्याच्या शाखेत जाऊन विचारा आणि तारीख घालून लिहून घ्या.

जाहीर झालेलं आवर्तन खरंच चालू आहे का, हे घरबसल्या तपासता येतं. एक हजार क्युसेक (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी) एक दिवस चाललं की साधारण अडीच दलघमी खर्च होतं. कालवा १५०० क्युसेकनं २५ दिवस चालला तर सुमारे ९२ दलघमी. आवर्तनाच्या आधीचा आणि नंतरचा साठा वहीत असेल, तर या हिशेबाशी ताडून बघा. घट फारच कमी दिसली आणि वरून आवकही नसेल, तर कालवा पूर्ण दाबानं चाललेला नाही. शाखेत नुसतं "पाणी आलं नाही" म्हणणाऱ्याला आणि वही उघडून बोलणाऱ्याला मिळणाऱ्या उत्तरात फरक पडतो, हे मी बघितलंय.

पैठणला धरणावर कालव्याचं दार उघडल्याची बातमी आली म्हणून लगेच खुरपी टाकून पळू नका. आमच्या चारीला, म्हणजे कालव्यातून निघणाऱ्या छोट्या पाटाला, पाणी लागायला मी आठवडा धरते.

आता स्वतःच्या रानाचा हिशेब. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर, तासाला जवळपास एक लाख लिटर. एका एकरात आठ सेंटीमीटर पाणी बसवायला सव्वातीन लाख लिटर लागतं, म्हणजे पूर्ण क्युसेकवर सव्वातीन तास. आमच्या विमोचकावर, म्हणजे चारीतून रानाकडं पाणी सोडायच्या दारावर, पन्नास एकरांचे अर्ज असतात. रात्रंदिवस धार चालली तरी सात दिवस लागणार. धार पाऊणच असली तर नऊ. हा हिशेब एकदा सगळ्यांनी मिळून बसून केला, त्यानंतर आमच्या चारीवर फावड्यानं भांडण झालं नाही.

पाळ्या आणि पिकं यांची सांगड मी अशी घालते. दोनच पाळ्या जाहीर झाल्या तर हरभरा आणि ज्वारी. हरभऱ्याला फांद्या फुटताना एक आणि घाटे भरताना एक पाणी मिळालं की काळ्या रानात तो तरतो. ज्वारी पोटरीत असताना, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या आधी, पाणी चुकवू नये. गव्हाला पाच-सहा पाणी लागतात, पहिलं एकविसाव्या दिवशी, आणि कालवा काही तीन-तीन आठवड्यांनी येत नाही. म्हणून गहू विहिरीला पुरेल तेवढाच. माझ्याकडं तो अर्धा एकर, घरच्या चपातीपुरता. तीन पाळ्या पक्क्या असतील तर एक एकर. उसाचं मी बोलत नाही. शेवटच्या पट्ट्यात कालव्याच्या भरवशावर ऊस लावणं मला पटत नाही.

सात नंबरचा पाणी अर्ज मुदतीत भरा. त्यासाठी आधीची थकबाकी बघा, सातबारा जोडा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. रब्बीचा हंगाम १५ ऑक्टोबरला सुरू होऊन फेब्रुवारीअखेर संपतो, उन्हाळीचा अर्ज वेगळा. क्षेत्र जेवढं भिजवणार तेवढंच लिहा. कमी लिहून जास्त भिजवलं की खालच्या माणसाच्या पाळीतून ते जातं.

गोदाकाठी ज्यांच्या पाणी उपसायच्या मोटारी आहेत त्यांच्यासाठी एक ओळ. धरणाला २७ दरवाजे आहेत, नेहमीचे १८ आणि आपत्कालीन ९. अठरा दरवाजे अर्धा फूट उघडले की साडेनऊ हजार क्युसेकच्या आसपास पाणी नदीत येतं. "दरवाजे अर्धा फूट" ही बातमी ऐकली की मोटार वर काढा, एक फुटाची वाट बघू नका. माझ्या भावाची मोटार आणि चाळीस पाईप असेच गेले.

चारीत पाणी यायच्या आठ दिवस आधी माझं काम सुरू होतं. पोटचारीतलं गवत आणि गाळ काढते, बांधाची उंदराची बिळं चिखलानं बुजवते, सऱ्या आखूड पाडते. पाळी रात्री बाराची असेल तर अकरालाच बॅटरी आणि फावडं घेऊन विमोचकावर जाते, सोबत सून असते. धार वळवली की वेळ लिहिते, शेवटच्या सरीला पाणी पोचलं की पुन्हा वेळ लिहिते. मागच्या रब्बीत हरभऱ्याच्या दोन एकरांना आठ तास दहा मिनिटं लागली. पूर्ण क्युसेक असता तर साडेसहा लागले असते.