पट्टा बदलण्याआधी पाणी मारून पाहा

मागच्या कापसाच्या सीझनला एक काका जीप घेऊन पांढरकवड्याजवळच्या माझ्या गॅरेजवर आले. तीन महिन्यांत दोन फॅन बेल्ट (इंजिनावरून डायनामो, वॉटर पंप फिरवणारा रबरी पट्टा) टाकून झाले होते, तरी गाडी किंचाळूनच राहिली होती. पट्टा काढून उलटा केला तर आतली बाजू काचेसारखी चमकत होती, बोटाला तेल लागलं. वर पाहिलं, तर टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून ऑइल थेंबथेंब पुलीवर, म्हणजे पट्टा ज्या चाकावर फिरतो त्यावर, पडत होतं. तिसरा पट्टा टाकला असता तर तोही वाया गेला असता.

म्हणून सांगतो भाऊ, पट्टा विकत घेण्याआधी आवाज ओळखा. थंडीत, दवात गाडी चालू करताना क्षणभर कीऽऽ झालं अन् आवाज थांबला, तर घाबरू नका. रेस दिल्यावर किंवा एसी, हेडलाइट लावल्यावर लांब किंचाळी आली, तर पट्टा सरकतो आहे. पाखरासारखी चिव-चिव इंजिनाच्या तालावर चालली असेल, तर पुल्या वाकड्या बसल्या असतील.

शंका असली तर बाटलीच्या झाकणाला छिद्र पाडा आणि चालू इंजिनात पट्ट्याच्या आतल्या बाजूवर लांबूनच जरासं पाणी मारा. गळ्यातला दुपट्टा आधी काढून ठेवा, बाह्या वर करा. आवाज थांबून थोड्या वेळानं परत आला, तर पुल्यांची रेषा तपासा. पाणी पडताच वाढला, तर पट्टा ढिला.

आता गाडी बंद, चावी खिशात. जुन्या गाडीचा पट्टा ताणायचा तर आल्टरनेटरचे (बॅटरी चार्ज करणारा, आमच्याकडे अजून डायनामोच म्हणतात) खालचा आणि वरच्या लोखंडी पट्टीवरचा असे दोन्ही बोल्ट ढिले करा. टॉमी (लोखंडी दांडा) डायनामोच्या जाड बॉडीला लावून तो बाहेर ओढा आणि पट्टीवरचा बोल्ट आधी आवळा. दोन पुल्यांमधल्या सगळ्यात लांब भागावर अंगठा दाबला की पट्टा साधारण १० मिमी, म्हणजे करंगळीच्या जाडीएवढा, दबला पाहिजे. तारेसारखा ताणला तर आवाज जाईल, पण डायनामोचं आणि वॉटर पंपाचं बेअरिंग खाईल. बऱ्याच नव्या गाड्यांत टेन्शनर (स्प्रिंगवरची पुली) पट्टा आपोआप ताणतो. तिथं पट्टा ढिला दिसला तर टेन्शनर तपासा, बऱ्याचदा तोच बदलावा लागतो.

पट्टा काढलाच आहे तर प्रत्येक पुली हातानं फिरवा. खरखर लागली, हलली, तर बेअरिंग गेलं. खाचांमध्ये कापसाची रुई, माती अडकलेली असते, ती ब्रशनं काढा.

साबण, ग्रीस, ऑइल पट्ट्याला लावू नका. दोन दिवस आवाज बंद राहतो, पण पट्टा आणखी सरकतो आणि रबर फुगतं. नवा पट्टा टाकल्यावर १५–२० मिनिटं गाडी चालवून, इंजिन बंद करून ताण पुन्हा बघा.

आणि वाटेत बॅटरीचा दिवा लागून टेम्परेचरचा काटा चढायला लागला, तर गाव दोन किलोमीटरवर असलं तरी गाडी तिथंच बंद करा. बऱ्याच गाड्यांत त्याच पट्ट्यावर इंजिन थंड ठेवणारा वॉटर पंप चालतो. मे महिन्याच्या उन्हात तशीच पुढं नेली, तर इंजिनाचं हेड (वरचा भाग) गेलंच समजा.