सोलापुरी चादर, सागवान आणि लोखंड: तिन्हींचं एक स्टूल कसं बनवावं

सोलापुरी चादरीची जॅकेटं, पिशव्या आता दिसू लागल्या आहेत. फर्निचरमध्ये मात्र ती हवी तशी आलेली नाही, आणि ती यावी असं मला मनापासून वाटतं. सुरुवातीला एक साधं स्टूल घेऊ: चौकोनी पाइपचा सांगाडा, त्यावर सागवानी फळी, वर चादरीच्या खोळीची गादी. उंची १८ इंच, बैठक १४ बाय १४.

आधी तिन्हींचे स्वभाव समजून घ्या. सुती कापड धुतलं की आटतं. लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि आपल्या चाळिशीपारच्या उन्हाळ्यात आकसतं. रुंदीत जास्त, लांबीत जवळजवळ नाहीच. लोखंडाला ओल लागली की गंज, आणि गंजाचा डाग कापडातून सहसा निघत नाही. म्हणून जोड असा हवा की प्रत्येकाला हलायला जागा राहील आणि वेळ आली तर तिन्ही सुटी होतील. कापड थेट फळीला चिकटवलं तर ते धुणार कसं?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या चादरीच्या कारखान्यात विणीत किरकोळ दोष असलेली चादर मिळाली तर तीच घ्या, नाहीतरी कापायचीच आहे. गार पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. गडद भागावर ओलं पांढरं फडकं घासा; रंग लागला तर ती चादर या कामाची नाही. आखताना मोर किंवा फूल बैठकीच्या मधोमध आणा. कडेला अर्धा कापलेला मोर स्टुलाची सगळी शोभा घालवतो. चारी बाजूंनी ४ इंच कापड जास्त ठेवा. जाड वीण कात्री लागताच उसवते, तेव्हा खडूच्या रेषेच्या आतून शिवणीच्या दोन ओळी आधी मारा, मग कापा.

सांगाड्याचा वरचा चौकोन १० इंचांचाच ठेवा आणि पाय खाली थोडे फाकवा. फळी चहूबाजूंनी दोन इंच बाहेर येते, कापड लोखंडाला टेकतच नाही. वेल्डिंगचे सांधे घासून आधी रेड ऑक्साइड (गंज रोखणारा अस्तर-रंग), मग रंग.

आता खरी गोम. फळी पकडणाऱ्या लोखंडी पट्ट्यांतली छिद्रं गोल नकोत, लांबट हवीत: साधारण १० मिलिमीटर, लाकडाच्या रेषांना आडवी. १४ इंचांच्या फळीत वर्षभरात दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडू शकतो. गोल छिद्रात घट्ट आवळलेला स्क्रू तेवढं हलू देत नाही, आणि फळी तडकते. वेल्डिंगवाल्याला हे कागदावर काढून द्या, तोंडी सांगून भागत नाही. स्क्रूखाली वॉशर, आवळणी बेताची.

फळीवर ४० डेन्सिटीचा दीड इंची फोम रबरी सोल्युशनने चिकटवा. फळीच्या खालच्या कडेला वेल्क्रोची काटेरी पट्टी स्टेपल करा, मऊ पट्टी खोळीच्या काठाला शिवा. खोळ चढवताना आधी समोरासमोरच्या बाजूंचे मध्य ओढा, कोपरे शेवटी. नाहीतर नक्षी तिरकी होते.

पहिला नग घरातच महिनाभर वापरू द्या. मग शिवणकाम न येणाऱ्या कुणालातरी खोळ काढून, धुऊन परत चढवायला सांगा. तो अडखळला तर पुढच्या नगांची खोळ अर्धा इंच सैल धरा.