पैठणीचा फोटो प्रिंटला देण्याआधी

आधी कागद ठरवा. ग्लॉसी, लस्टर की मॅट हे पक्कं झालं की त्याच कागदाचं, त्याच प्रिंटरचं आयसीसी प्रोफाइल (तो प्रिंटर त्या कागदावर रंग कसे उतरवतो हे सांगणारी फाइल) लॅबकडून मागून घ्या. मॅटवर काळा रंग ग्लॉसीइतका गडद उतरत नाही, म्हणून एकाचं प्रोफाइल दुसऱ्याला चालत नाही. मॉनिटर कॅलिब्रेट केलेला, म्हणजे रंग खरे दाखवेल असा जुळवलेला हवा. आणि परभणीच्या दुपारच्या उन्हात खिडकी सताड उघडी ठेवून रंग तपासायला बसू नका.

मग फोटोशॉपमध्ये व्ह्यू, प्रूफ सेटअप, कस्टम. प्रिंट कशी येईल ते इथे पडद्यावरच बघता येतं. प्रोफाइल निवडा आणि रेंडरिंग इंटेंट, म्हणजे प्रिंटरला न जमणारे रंग कसे बसवायचे याची पद्धत, आलटूनपालटून बघा. चारांपैकी फोटोच्या कामाचे दोनच. रिलेटिव्ह कलरिमेट्रिक प्रिंटरला जमणारे रंग तसेच ठेवतं आणि न जमणारे ओढून काठावर बसवतं. परसेप्चुअल सगळेच रंग थोडे थोडे आवळतं, त्यामुळे त्यांच्यातला चढउतार टिकतो. सॅच्युरेशन आलेखांसाठी, अ‍ॅब्सोल्यूट प्रूफिंगसाठी. ते सोडून द्या.

गेल्या लग्नसराईत पैठणच्या एका नवरीचा फोटो मी सवयीने रिलेटिव्हवर काढला. चेहरा हुबेहूब आला, पण राणी रंगाच्या पैठणीच्या निऱ्या गायब! उजळ कड आणि आतली सावली दोन्ही एकाच गुलाबीत मिसळल्या होत्या. परसेप्चुअलवर निरी न् निरी मोजता आली. रंग किंचित उतरला, तो मी चालवून घेतला. तेव्हापासून कंट्रोल-शिफ्ट-वाय दाबून गमट वॉर्निंग (प्रिंटरला न जमणारे रंग ती राखाडी करून दाखवते) बघितल्याशिवाय मी इंटेंट ठरवत नाही. राखाडी डाग काठापदरापुरते असतील तर रिलेटिव्ह, सगळ्या निऱ्याच राखाडी झाल्या तर परसेप्चुअल. बीबी का मकबऱ्याचा संगमरवर, ज्वारीचं वाळलं रान अशा सौम्य रंगांना रिलेटिव्हच बरं, उगाच आवळायचं कशाला? प्रोफाइल बदललं की मात्र पुन्हा बघा, कारण परसेप्चुअलमध्ये रंग किती आवळायचे हे प्रोफाइल बनवणारा ठरवतो.

रिलेटिव्ह घेतलं तर ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशनवर (फोटोतला सर्वांत गडद काळा कागदावरच्या सर्वांत गडद काळ्याशी जुळवणारी सोय) टिक हवीच. ती नसेल तर पावसाने भिजलेल्या काळ्या रानातली ढेकळं एका काळ्या डागात बुडतात.

रंग फोटोशॉप सांभाळणार असेल तर प्रिंटर ड्रायव्हरमधलं कलर मॅनेजमेंट बंद करा, नाहीतर दुरुस्ती दोनदा होते. फाइल लॅबला जाणार असेल तर फोटोचं स्वतःचं कलर प्रोफाइल फाइलमध्ये एम्बेड करा, म्हणजे जोडून द्या, आणि ते कोणता इंटेंट लावतात हे फोनवर विचारून घ्या. शेवटी निऱ्यांच्या भागाची एक पट्टी काढा, पूर्ण वाळू द्या आणि ओसरीवरच्या सावलीत, दिवसाउजेडी नवरीच्या आईला दाखवा. पैठणी त्यांनीच निवडलेली असते.