आठ महिने वाढवलेल्या पेशी भलत्याच निघाल्या

सातव्या दिवशी बशीत लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या झालेल्या पेशी दिसल्या की आमच्या लॅबमध्ये सगळे खूश व्हायचे. "आल्या ईपीसी!" ईपीसी म्हणजे एंडोथेलियल प्रोजेनिटर सेल, रक्तात फिरणारी आणि गरज पडेल तिथे रक्तवाहिनीचं आतलं अस्तर तयार करणारी कच्ची पेशी. मधुमेह असलेल्यांच्या रक्तातून त्या वाढवायच्या, निरोगी माणसांच्या रक्तातून वाढवायच्या आणि दोन्हीकडचे आकडे शेजारी शेजारी मांडायचे, हे माझ्या पीएचडीचं पहिलं काम. सिनिअरने दिलेला, कोपरे दुमडलेला प्रोटोकॉल घेऊन मी आठ महिने ते इमानेइतबारे केलं.

शेजारच्या इम्युनॉलॉजीच्या लॅबमधली एक मुलगी आमच्याकडे मायक्रोस्कोप वापरायला यायची. एकदा माझी बशी बघून ती सहज म्हणाली, "या तर मॅक्रोफेजसारख्या दिसतायत. सीडी१४ लावून बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. प्रोटोकॉलमध्ये ते नव्हतंच.

लावलं. फ्लोवर (एकेक पेशी तिच्या खुणांवरून मोजणारं यंत्र) जवळजवळ सगळा ढग सीडी१४ आणि सीडी४५ पॉझिटिव्ह. सीडी१४ ही मॅक्रोफेजच्या कुळाची खूण. सीडी४५ म्हणजे रक्तपेशींच्या कुळाचा शिक्का, तो अस्तराच्या पेशीवर नसतो. मन मानेना, म्हणून चमकणाऱ्या रंगाचे ई. कोलायचे कण त्यांच्यापुढे टाकले. दोन तासांत पेशींची पोटं भरलेली. रक्तवाहिनी बांधणारी पेशी अशी जिवाणू गिळत बसत नाही, ते काम प्रतिकारशक्तीच्या शिपायांचं, म्हणजे मॅक्रोफेजचं. माझी 'ईपीसी' म्हणजे रक्तातले साधे मोनोसाइट (ज्यांच्यापासून मॅक्रोफेज बनतात त्या पांढऱ्या पेशी) होते, आठवडाभर चांगलंचुंगलं खाऊन वेश बदललेले.

या विषयात येऊ पाहणाऱ्यांनी आधी ही घोटाळ्याची गोष्ट समजून घ्यावी, कारण अर्धं जुनं वाङ्मय त्यात अडकलेलं आहे. १९९७ पर्यंत सर्वसाधारण समज असा होता की मोठ्या माणसात नवी रक्तवाहिनी फुटते ती शेजारच्या जुन्या वाहिनीच्या पेशी विभागूनच. त्या वर्षी ताकायुकी असाहारा, जेफ्री इस्नर आणि सहकाऱ्यांनी बोस्टनमधून 'सायन्स'मध्ये लिहिलं की रक्तातल्या सीडी३४ ही कच्च्या पेशीची खूण असलेल्या पेशी वेगळ्या काढून वाढवल्या तर त्या अस्तराच्या पेशींसारख्या होतात. सगळं क्षेत्र खडबडून जागं झालं. २००२ मध्ये टाइप २ मधुमेहींच्या ईपीसी कमी वाढतात, नीट चिकटत नाहीत, असा पेपर आला. २००३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये ४५ पुरुषांवरचा अभ्यास आला: हृदयविकाराची जोखीम जितकी जास्त, तितक्या बशीतल्या वसाहती, म्हणजे वाढलेल्या पेशींचे पुंजके, कमी. मधुमेहात पाय सडतात, हृदयाच्या वाहिन्या बंद होतात, त्याचं उत्तर सापडलं असं वाटायला लागलं. दुरुस्तीचे गवंडीच कमी पडतात, झालं!

मग २००७ मध्ये इंडियानातल्या मर्विन योडर आणि डेव्हिड इनग्राम यांच्या गटाने एकेका पेशीपासून वाढवलेल्या वसाहती तपासल्या. ज्या वसाहती सगळे मोजत होते, त्या रक्तपेशींच्या कुळातल्या निघाल्या. उंदरात घातल्यावर त्यांनी वाहिन्या बांधल्या नाहीत. वाहिन्या बांधणारी पेशी निराळीच होती, फार दुर्मिळ आणि उशिरा उगवणारी. तिला त्यांनी ईसीएफसी म्हटलं, एंडोथेलियल कॉलनी फॉर्मिंग सेल. म्हणजे मी जे भोगलं ते आधीच छापून आलं होतं. आमच्या प्रोटोकॉलपर्यंत पोचलं नव्हतं, इतकंच.

आमची फसगत कशी झाली तेही सांगते. ईपीसीची जुनी ओळख दोन खुणांवर होती: पेशीने अ‍ॅसिटिलेटेड एलडीएल (कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणाचं बदललेलं रूप) गिळलं पाहिजे आणि युलेक्स नावाचं लेक्टिन (साखरेला चिकटणारं प्रथिन) तिला चिकटलं पाहिजे. मॅक्रोफेज तर अ‍ॅसिटिलेटेड एलडीएल आवडीने खातात, आणि वाढवलेल्या मोनोसाइटला युलेक्सही चिकटतं. अस्तराच्या पेशीची आणखी एक खूण, सीडी३१, बघावी, तर तेही मोनोसाइटवर असतं. वर आणखी गंमत म्हणजे नीट न धुतलेल्या नमुन्यात प्लेटलेट राहतात, त्यांचे बारीक तुकडे इतर पेशींना चिकटतात आणि सीडी३१ची खूण त्यांच्यावर उमटवून जातात. हे २००९ मध्ये दाखवलं गेलं. तेव्हापासून मी प्लेटलेट काढण्यासाठी कमी वेगावर दोन जादा धुण्या देते. सिनिअर हसले तर हसू द्यावं.

मी ती आकडेवारी घेऊन मॅडमच्या (माझ्या गाईडच्या) केबिनमध्ये गेले तेव्हा हात गार पडले होते. त्या बराच वेळ आलेख बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं. आता हेच मोज." तेव्हा राग आला होता. पण त्यांचं बरोबर होतं. या मोनोसाइटकुळातल्या पेशी स्वतः वाहिनी बनत नसल्या तरी जखमेत जाऊन असे स्राव सोडतात की शेजारच्या खऱ्या पेशी वाढू लागतात. २०१७ मध्ये या विषयातल्या बऱ्याच लोकांनी एकत्र बसून नावं ठरवली: बांधणाऱ्या त्या ईसीएफसी, मदत करणाऱ्या त्या मायलॉइड अँजिओजेनिक सेल. नुसतं 'ईपीसी' लिहू नका असंही सांगितलं. आजही नव्या प्रबंधात तो शब्द मोकाट दिसला की मी आधी पद्धतीचं प्रकरण उघडते.

आणि मधुमेहाचा खरा गुंता इथेच सुरू होतो. मधुमेहीच्या जखमेत मॅक्रोफेज भांडखोर अवस्थेतच अडकून राहतात, दुरुस्तीच्या अवस्थेकडे वेळेवर वळत नाहीत. न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात, जिवाणू पकडायला. साखर वाढलेली असली की हे जाळं उठसूट फेकलं जातं आणि जखम भरायला अडसर होतो, असं २०१५ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आलं. अस्थिमज्जेचीही तऱ्हा निराळी: जी-सीएसएफचं इंजेक्शन दिलं की निरोगी माणसाच्या मज्जेतून सीडी३४ पेशी भराभर रक्तात उतरतात, मधुमेहीच्या त्या मानाने कमी. पादुआचे जान पाओलो फादिनी यांनी यावर बरंच काम केलंय, त्यांचे रिव्ह्यू वाचाच. म्हणून सांगते, रक्तवाहिन्यांवर काम करायचं म्हणून इम्युनॉलॉजीचा पेपर ऐच्छिकला टाकू नका. मी टाकला होता.

मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न: मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावर नको तितक्या नव्या वाहिन्या फुटतात आणि पायात हव्या तिथे फुटत नाहीत, एकाच रोगात हे उलटसुलट कसं? पाठ उत्तर देऊ नका. पडदा प्राणवायूसाठी तडफडतो आणि व्हीईजीएफ (वाहिन्या फुटायला लावणारं प्रथिन) ओततो, पायात मात्र हाक आणि हाकेला ओ देणाऱ्या पेशी दोन्ही लुळ्या पडलेल्या असतात, इथून बोलायला लागा. समितीवरचे लोक पुढे आपसातच वाद घालतात, आपण ऐकायचं.

आता हाताचं काम. रक्त फायकॉलवर (पेशी वेगळ्या करणारं जड द्रव) अलगद, ट्यूब तिरकी धरून, भिंतीवरून सोडायचं. फायकॉलची घनता १.०७७. सेंट्रीफ्यूजमध्ये ४०० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट) अर्धा तास फिरवल्यावर खाली लाल रक्तपेशी, वर पिवळा प्लाझ्मा आणि मधे धुक्यासारखा एक पांढरट पट्टा. आपल्याला हव्या त्या पेशी त्यातच, तो पट्टा म्हणजे आपला पगार. सेंट्रीफ्यूजचा ब्रेक बंद हवा. माझ्या आधी कोणीतरी मिनीप्रेप (जिवाणूंतून डीएनए काढायचं काम) फिरवला होता, ब्रेक तसाच चालू राहिला, यंत्र झटक्यात थांबलं आणि पट्टा विस्कटून गेला. ते रक्त होतं बार्शीहून एसटीने आलेल्या एका काकांचं. त्यांना परत बोलवायचं तोंड मला नव्हतं.

ईसीएफसी वाढवायच्या तर कोलॅजन लावलेली बशी, एंडोथेलियल मीडियम आणि चिकाटी. मोठ्या माणसाच्या रक्तातून वसाहत दिसायला दोन ते तीन आठवडे लागतात आणि बऱ्याच बशांत काहीच येत नाही. पहिले काही दिवस मीडिया रोज बदलायचा, म्हणजे रविवारीही यायचं. गणपतीत घरी जायचं असेल तर रक्त त्या हिशोबाने घ्या. पावसाळ्यात बुरशी सांभाळा, इन्क्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेपासून सुरुवात करा. खरी वसाहत आली की ओळखायला पुस्तक लागत नाही: फरशा बसवल्यासारख्या एकमेकींना खेटलेल्या पेशी, गोल कडा. माझी पहिली सतराव्या दिवशी दिसली. हात पक्का होईपर्यंत नाळेतल्या रक्तावर सराव करा, त्यात त्या बऱ्याच जास्त आणि लवकर येतात. फक्त बाळं आपल्या वेळेवर जन्मतात. पहाटे तीनला लेबर रूमबाहेर हिपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) घातलेली बाटली घेऊन बसायची तयारी ठेवा, आणि सिस्टरांशी कधी वाकडं घेऊ नका.

फ्लोवर मोजायचं असेल तर सीडी३४ आणि केडीआर (अस्तराच्या पेशीची खूण) दोन्ही असलेल्या पेशी इतक्या विरळ की पन्नास हजार इव्हेंट (यंत्राने मोजलेल्या पेशी) घेऊन काढलेल्या टक्केवारीला अर्थ नाही. निदान पाच-दहा लाख घ्या आणि गेट (आलेखावर मोजायच्या पेशींभोवती आखलेली सीमा) कुठे टाकलं हे वहीत चित्रासकट लिहा.

पेशंटचा भाग मला सगळ्यात अवघड गेला. एथिक्स कमिटीची मंजुरी मिळाली तरी संमतीपत्र मराठीत लिहायचं होतं. मी 'संवहनी पूर्वज पेशी' असं काहीतरी लिहिलं. ओपीडीतल्या एका आजींनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "पूर्वजांचं काय काम इथं?" मग बदललं: 'रक्तवाहिन्यांची दुरुस्ती करणाऱ्या पेशी तुमच्या रक्तात किती आहेत ते बघणार आहोत. यातून तुम्हाला उपचार मिळणार नाही.' शेवटचं वाक्य ठळक हवं. पेपरात स्टेम सेलच्या जाहिराती वाचून माणसं आशेने सही करतात. ३० मिली रक्त म्हटलं की धसका घेतात. सहा चहाचे चमचे म्हटलं की हात पुढे करतात.

औषधांची यादी तोंडी विचारू नका. "शुगरची एक आणि बीपीची एक" एवढंच उत्तर येतं. गोळ्यांची पिशवी आणायला सांगा. स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) किंवा सिटाग्लिप्टिन (मधुमेहाची गोळी) चालू असेल तर या पेशींचा आकडा वर जाऊ शकतो, सिगारेटने खाली. वय जुळवलं नाही तर सगळंच मुसळ केरात.

कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीची निरोगी माणसं, निवडताना मी सडपातळ माणसं घेतली होती, बरीचशी हॉस्पिटलचीच. नंतर एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) केलं तर अकरापैकी चौघे ५.७च्या वर, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. पुण्यात राहून ही चूक करणं फारच लाजिरवाणं. केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा तो 'लॅन्सेट'मधला फोटो आठवा: दोघांचा बीएमआय २२.३, पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपल्याकडे बारीक म्हणजे निरोगी नव्हे. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३च्या अहवालात देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी उंबरठ्यावरचे आहेत. तुमचा कंट्रोल त्यातलाच नाही, हे आधी तपासा.

प्रवेशाचं थोडक्यात: एमएस्सी कुठल्याही जीवशास्त्राच्या शाखेतली चालते, एमफार्मवालेही येतात. सीएसआयआर-यूजीसी नेट, आयसीएमआरची जेआरएफ (संशोधन करणाऱ्याची शिष्यवृत्ती) किंवा डीबीटीची बेट, यातलं काहीतरी हातात असलं की गाईड मिळणं सोपं जातं. २०२३ पासून जेआरएफ महिना ३७,००० आहे, पुढच्या पायरीची एसआरएफ ४२,०००. कधीकधी तीन-चार महिन्यांची एकदम येते, तेव्हा खोलीच्या डिपॉझिटपुरते पैसे बाजूला ठेवून या. लॅब निवडताना पेपरांची संख्या बघण्यापेक्षा तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना चहाला न्या आणि विचारा: मधुमेहींचे नमुने कुठून येतात, आठवड्याला किती, आणि ओपीडीतले डॉक्टर फोन उचलतात का.