आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर गाठ दिसली की कॅन्सर उलटलाच असे मानू नका: या चुका टाळा

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया होऊन वर्ष उलटलेले असते, नेहमीच्या तपासणीत स्कॅनच्या अहवालावर 'पुनरुद्भवाची शक्यता' असे लिहून येते आणि घरातल्या सगळ्यांचा धीर सुटतो. कॅन्सर उलटतो तेव्हा तो बहुतेकदा पहिल्या तीन वर्षांतच उलटतो, म्हणून अशी गाठ अंगावर काढू नये हे खरेच. पण 'शक्यता' या शब्दालाच निदान समजणे ही पहिली चूक आहे. आतडे जिथे कापून जोडलेले असते, तिथे टाक्याच्या धाग्याभोवती किंवा स्टेपलरच्या पिनेभोवती शरीर दाहाची गाठ तयार करते. दुर्बिणीतून पाहताना सांध्याच्या रेषेवर लालसर, मांसल उंचवटा दिसतो आणि कधी कधी त्याच्या मधोमध पिन चकाकत असते. गुदाशय काढलेल्या रुग्णांत माकडहाडाच्या वरच्या हाडासमोर व्रणाची घट्ट ऊती साचते, जोडलेल्या जागेतून पूर्वी झालेल्या गळतीची पोकळी राहते, आणि ही सगळी स्कॅनमध्ये रोगासारखीच भासतात.

पेट (PET) स्कॅन, म्हणजे शरीरात द्रव्य टोचून ते कुठे जास्त शोषले जाते हे पाहणारी तपासणी, घाईने करणे ही दुसरी चूक. या तपासणीतले साखरेसारखे द्रव्य कॅन्सरच्या पेशी शोषतात तसेच दाह झालेल्या पेशीही शोषतात, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर किमान सहा आठवडे आणि किरणोपचारानंतर सुमारे तीन महिने थांबणे इष्ट ठरते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही आधी सांगावे, कारण त्याने आतडे उजळलेले दिसते.

सर्वांत जास्त नुकसान मात्र जुनी चित्रे न नेल्याने होते, असे मला वाटते. एका स्कॅनवरून गाठ आहे एवढे कळते, ती वाढते आहे की नाही हे कळत नाही. व्रण काही महिन्यांत तसाच राहतो किंवा आक्रसतो, रोग वाढत जातो. हा फरक ओळखायला शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या स्कॅनची सीडी हवी, नुसता छापील अहवाल पुरत नाही.

बायॉप्सीत, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत, काही सापडले नाही म्हणून निर्धास्त होणे ही उलट बाजूची चूक. उलटलेला रोग पुष्कळदा आतड्याच्या बाहेरून आत येतो आणि दुर्बिणीच्या चिमट्यात फक्त आतले अस्तर येते. संशय कायम असेल तर स्कॅनच्या मार्गदर्शनाखाली सुईने खोलवरचा तुकडा घेता येतो का, हे विचारावे. आणि तुकडा मिळण्याजोगा असताना त्याच्या तपासणीवाचून केमोथेरपी सुरू करण्याची घाई करू नये.

रक्तातील सीईए, म्हणजे आतड्याच्या कॅन्सरवर लक्ष ठेवण्यासाठी मोजले जाणारे प्रथिन, धूम्रपानाने किंवा यकृताच्या आजारानेही वाढते, म्हणून एका आकड्यावर विसंबू नये. तो दर वेळी चढत असेल तर मात्र दुर्लक्ष करू नये. पुढच्या स्कॅनची वाट पाहत असताना शौचातून रक्त गेले, पोट फुगून वारा सरेनासा झाला किंवा नवे दुखणे सुरू झाले, तर ठरलेल्या तारखेपर्यंत न थांबता डॉक्टरांकडे जावे.